विद्यापीठांची सावड

दोन शेतकऱ्यांपाशी एकेकच बैल असला म्हणजे ते सावड करितात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. पैशाची देवघेव नाही. परंतु दिवसांचा हिशेब उभयतांच्या मनात चोख असतो. एकाने चार दिवस घेतले आणि दोनच फेडले, तर पुढील पेरणीस ती सावड टिकत नाही. आपल्याकडील व परदेशांतील विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचे जे करार करितात, ते खरे पाहता याच जातीचे होत. ही साधी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे माझ्या एका जवळच्या आप्ताची द्राक्षबाग गहाण पडण्याची वेळ आली होती. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा विषय शेतकीच्या मासिकात मांडण्याचे धाडस करीत आहे. विषय वाहतूक अभियांत्रिकीचा असला, तरी तो आपल्या बांधापासून दूर नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रस्तुत लेखक हा मराठी शाळेत शिकलेला व महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. इंग्रजी कागद मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात. तथापि फेरफार, कबुलायती व भाडेपट्टे हाताळण्यात जन्म गेल्यामुळे, कागद कोणत्याही भाषेतला असो, त्यात मुदत काय, देणे कोणाचे, घेणे कोणाचे आणि मोडल्यास उपाय काय, हे चार प्रश्न विचारण्याची सवय अंगी बाणली आहे. सातबाराच्या “इतर हक्क” या रकान्यात मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जांचे बोजे चढताना मी पुष्कळ पाहिले. त्यांतील काही यथाकाल उतरले. काही मात्र मी खाते सोडले तेव्हाही तसेच होते.

कागदाची तपासणी

तीन वर्षांपूर्वी, मृगाच्या सुमारास, माझे धाकटे चुलतबंधू घरी आले. त्यांचा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून रस्ते व मालवाहतूक यांकडे त्याचा ओढा होता. बंधू म्हणाले, “अण्णा, पोराला परदेशी धाडायचे म्हणतो. बागेवर कर्ज काढतो. उताऱ्याचे तेवढे तुम्ही बघून द्या.”

चौकशी करिता असे कळले की, मुलाच्या महाविद्यालयाचा एका परदेशी विद्यापीठाशी करार आहे, सबब तेथील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश हमखास मिळेल, मात्र शुल्क पूर्ण भरावे लागेल, असे एका मध्यस्थाने त्यांस सांगितले होते. मी म्हटले, “करार आहे ना? मग आधी तो वाचू.” मुलाने कचेरीतून नक्कल आणून मला मराठीत अर्थ सांगितला. चार पानांच्या त्या कागदात उभय संस्था परस्परांस सहकार्य करण्याचा प्रयत्न करतील, अशा अर्थाची वाक्ये पुष्कळ होती. परंतु किती विद्यार्थी, किती काळ, शुल्क कोणास, शिकलेल्या विषयांची गणना कशी, यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. शिवाय कराराची मुदत पाच वर्षांची असून ती संपल्यास एक वर्ष लोटले होते. मुदत संपलेल्या भाडेपट्ट्यावर कोणी जमीन कसू देईल काय?

परंतु त्याच कचेरीत युरोपातील दुसऱ्या एका विद्यापीठाशी झालेला निराळा करार निघाला. ती खरीखुरी अदलाबदल होती. दरवर्षी दोन विद्यार्थी, एका सत्रापुरते. शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरावयाचे, तेथे काही द्यावयाचे नाही. तेथे उत्तीर्ण केलेले विषय येथील पदवीत धरावयाचे. तिकडचे दोन विद्यार्थी त्याच अटींवर इकडे यावयाचे. या कराराची सूचना इंग्रजीत लिहून फलकावर लाविलेली होती, आणि तीवर दुसरे कागद चिकटविले गेल्यामुळे ती कोणी वाचली नव्हती. दोन्ही जागा रिकाम्या होत्या. बंधूंनी गहाणखत तूर्त बाजूस ठेविले आणि मुलाने अर्ज केला.

या पद्धतीचा उगम

अशा अदलाबदलीचा मोठा पाया युरोपात १९८७ साली घातला गेला. त्या वर्षी ११ देशांनी मिळून “इरॅस्मस” नावाची योजना सुरू केली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत राहून आले. हॉलंडातील रॉटरडॅम शहरी जन्मलेला, पॅरिसात शिकलेला, इंग्लंड व इटली येथे राहून अखेरीस १५३६ साली बाझल येथे निवर्तलेला जो इरॅस्मस नावाचा पंडित, त्याचे हे नाव होय. योजनेचा मुख्य नियम सावडीचाच आहे : विद्यार्थी ज्या विद्यापीठाचा, तेथेच त्याचे शुल्क, यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. राहण्याच्या खर्चास काही विद्यावेतन मिळते, पण त्यात सर्व खर्च भागतोच असे नाही. विद्यार्थी, शिक्षक व इतर तरुण मिळून आजवर दीड कोटींहून अधिक लोकांस या योजनेचा व तिच्या पुढील स्वरूपांचा लाभ झाला आहे. २००४ पासून अनेक विद्यापीठांनी मिळून चालविलेले संयुक्त अभ्यासक्रमही निघाले, आणि त्यांत भारतातील विद्यार्थी मोठ्या संख्येने गेले.

येथे एक अडचण होती. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी मोजावयाचे कसे? आपल्याकडे एकर-गुंठ्यांतील जमीन हेक्टर-आरमध्ये लिहावयाची वेळ आली, तेव्हा जे कोष्टक करावे लागले, तसेच येथेही करावे लागले. १९८९ पासून युरोपात श्रेयांकांची पद्धत प्रथम प्रयोगादाखल सुरू झाली. एका वर्षाचे पूर्ण काम म्हणजे ६० श्रेयांक, आणि एका श्रेयांकास २५ ते ३० तासांचा अभ्यास, असे तिचे माप आहे. आपल्या देशात २०२३ साली ठरलेल्या राष्ट्रीय मापाप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक होतात. म्हणजे एका सत्रात तेथील ३० श्रेयांक मिळविले, तर ते ढोबळ मानाने आपल्या २० श्रेयांकांइतके होत. हे कोष्टक पाठ असणे बरे. कारण माप न कळता माल घालणारा नेहमीच फसतो.

हे शास्त्र फिरून का शिकावे?

रस्ता बांधणे, पूल बांधणे ही अभियांत्रिकीची जुनी अंगे होत. परंतु त्या रस्त्यावरून कोणता माल, कोणत्या वेळी, कोणत्या वाहनाने, मध्ये कोठे थांबून, किती थंड वा कोरड्या जागेत ठेवून न्यावा, म्हणजे तो कमीत कमी खर्चात व शाबूत पोहोचेल, याचा गणिताने विचार करणारे शास्त्र निराळे आहे. त्यास लॉजिस्टिक्स म्हणतात. शेतमालाचे नुकसान तो चालत असताना होते त्यापेक्षा तो थांबलेला असताना पुष्कळदा अधिक होते, हे बाजार समितीच्या दारी रांगेत उभे राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. हे थांबणे कसे मोजावे व कसे तोडावे, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

पाटाचे पाणी कसे द्यावे हे पुस्तकात वाचून कळत नाही, त्यासाठी दारे धरावी लागतात. तसेच बंदर, मालधक्का व शीतगृह यांचे काम तेथे उभे राहून पाहिल्याखेरीज उमगत नाही. आणि एकाच देशातील धक्के पाहिले, तर तेथील खोडीच रीत वाटू लागतात.

याचे एक ठळक उदाहरण स्पेन देशातील झारागोझा शहराचे आहे. एब्रो नदीकाठचे हे शहर माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया व बिल्बाओ या चारही मोठ्या शहरांपासून सुमारे ३०० किलोमीटरांवर आहे. भोवतालचा ॲरागॉन प्रांत विरळ वस्तीचा व शेतीचा. तेथील सरकारने विमानतळालगत सुमारे १,३०० हेक्टर जमिनीवर मालाची कोठारे, रेल्वे व रस्ते यांचे एक विस्तीर्ण केंद्र वसविले. परंतु नुसती कोठारे बांधून ते थांबले नाहीत. २००३ साली त्या सरकारने व झारागोझा विद्यापीठाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रख्यात संस्थेशी करार करून मालवाहतुकीच्या शास्त्राची शाळा तेथेच उघडली. या अमेरिकन संस्थेत वाहतुकीच्या अभ्यासाचे केंद्र १९७३ पासून होते. पुढे २००८ साली कोलंबियातील बोगोटा येथे व २०११ साली मलेशियात अशाच शाखा निघून त्यांची एक साखळी झाली. निरनिराळ्या देशांतील केंद्रांचे विद्यार्थी जानेवारीत काही आठवडे अमेरिकेत एकत्र आणण्याची प्रथा या साखळीने पाडली.

झारागोझातील शेतमालाच्या घाऊक बाजारात २००१ पासून बार्सिलोना बंदराशी जोडलेला रेल्वेचा मालधक्का आहे. म्हणजे त्या बंदरापासून सुमारे ३०० किलोमीटर आत असलेल्या बाजारातच माल डब्यात बंद व्हावयाचा आणि तो थेट जहाजाच्या वाटेस लागावयाचा. हे ज्या विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिले, तो परत गेल्यावर आपल्या जिल्ह्याच्या बाजाराकडे निराळ्या दृष्टीने पाहील, हे उघड आहे.

आपल्या देशातील व्यवस्था

आपल्याकडे या विद्येसाठी बडोदे येथे २०१८ साली रेल्वे खात्याने एक संस्था काढली व २०२२ च्या कायद्याने तिचे गतिशक्ती विश्वविद्यालय या नावाचे केंद्रीय विद्यापीठ झाले. आगगाडीच्या तंत्रविद्येसाठी इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठाशी या संस्थेने सहकार्य जोडले. स्थळही योग्य लाभले आहे. बडोदे संस्थानात मियागाम व डभोई यांच्या दरम्यान १८६२ साली अरुंद रुळांवरून गाडी धावली, तेव्हा ती ओढावयास बैल जुंपले होते. परदेशी शिक्षणाचीही तेथील परंपरा मोठी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांस अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली व बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून घेतला. देणे काय, घेणे काय, मुदत किती, हे तिन्ही त्या कागदात स्पष्ट होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी सहकार्याचे जे नियम केले, त्यांत तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या, जोड-अभ्यासक्रमाच्या प्रकारात पदवी भारतीय संस्थेची असते व परदेशात मिळविलेले श्रेयांक एकूणाच्या ३० टक्क्यांहून अधिक धरीत नाहीत. दुसरी संयुक्त पदवी. तीत दोन्ही संस्थांतून किमान ३० टक्के मिळवावे लागतात. तिसऱ्या प्रकारात दोन पदव्या दोन संस्था देतात. त्यात भारतीय संस्थेचा वाटा किमान ३० टक्के हवा. दुसऱ्याचे नाव भाड्याने घेऊन वर्ग चालविण्याच्या पद्धतीस या नियमांनी मनाई केली आहे. वर सांगितलेली एका सत्राची अदलाबदल याहून साधी. तीत पदवी एकच व ती आपल्याच विद्यापीठाची असते.

मुलगा गेला आणि आला

असो. पुतण्याची निवड झाली व तो पाच महिने राहून आला. विमानभाडे, खोली, जेवण, विमा व व्हिसा यांचा खर्च बंधूंनी केला. तो लहान नव्हता. परंतु बागेच्या एका हंगामाच्या उत्पन्नातून भागला. बागेस हात लावावा लागला नाही.

सर्वच सुरळीत झाले, असे मात्र सांगता येत नाही. तेथे गेल्यावर वेळापत्रकाच्या अडचणीमुळे त्याने एक विषय बदलला आणि त्यास आपल्या महाविद्यालयाची लेखी संमती घेतली नाही. परत आल्यावर तो विषय धरला गेला नाही. उत्तम गुण मिळवूनही खालच्या वर्गातील मुलांबरोबर बसून त्यास येथील परीक्षा द्यावी लागली. तोंडी सांगितले होते, असे तो म्हणाला. तोंडी सांगितलेल्या वहिवाटीचे काय होते, ते आम्हा महसुली लोकांस ठाऊक आहे.

परंतु तो जे शिकून आला, त्याचा प्रत्यय पुढच्याच हंगामात आला. तेथील शीतगृहात प्रत्येक खोक्याबरोबर तापमान नोंदणारे लहानसे यंत्र ठेवून, माल कोठे किती वेळ उघड्यावर राहिला याचा हिशेब रोज मांडीत, हे त्याने पाहिले होते. तसे एक यंत्र त्याने वडिलांच्या द्राक्षांच्या क्रेटमध्ये ठेविले. घड काढल्यापासून पूर्वशीतन होईपर्यंत पाच तास गेल्याचे निघाले. त्यांपैकी गाडी प्रत्यक्ष चालली एकच तास. उरलेला वेळ क्रेट बांधावर पत्र्याखाली व पुढे पॅकहाउसच्या दारात उभे होते. देठ सुकून तपकिरी पडतात ते याच वेळात. बंधूंनी दुसऱ्या दिवसापासून पहाटे काढणी सुरू केली, बांधावर ओल्या पोत्यांची सावली केली व गाडी भरण्याची वाट न पाहता अर्ध्यावरच धाडावयाची ठरविली. पाचाचे अडीच तास झाले. यात कोणतेही मोठे यंत्र आणले नाही.

आपली द्राक्षे न्हावाशेव्याहून समुद्रमार्गे रॉटरडॅमला जातात. २३ मार्च २०२१ रोजी एक अवाढव्य जहाज सुएझ कालव्यात अडकले व २९ तारखेपर्यंत वाट बंद राहिली. तेव्हा द्राक्षांचा ऐन हंगाम होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि पुढील हंगामात पुष्कळ जहाजे आफ्रिकेस वळसा घालून गेली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला. समुद्रावरचे ते दिवस आपल्या हाती नाहीत. परंतु बांधावरचे तास आहेत. वाट लांबली म्हणजे आरंभी गमावलेल्या तासांचे मोल अधिकच वाढते.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

ज्यांची मुले या वाटेने जाऊ पाहतात, त्यांनी कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर पाहून घ्याव्या.

१. करार आज जिवंत आहे काय? सहीची तारीख व मुदत दोन्ही पाहावी. 

२. तो निव्वळ सहकार्याचा कागद आहे, की त्यात विद्यार्थ्यांची संख्या व काळ लिहिलेला आहे? 

३. शिक्षणशुल्क कोठे भरावयाचे? दोन्हीकडे भरावे लागत असेल, तर ती अदलाबदल नव्हे. 

४. तेथील कोणता विषय येथील कोणत्या विषयाच्या जागी व किती श्रेयांकांस धरला जाईल, हे जाण्यापूर्वी लेखी ठरले आहे काय? विषय बदलल्यास नवी संमतीही लेखीच घ्यावी. 

५. राहणे, प्रवास, विमा व व्हिसासाठी दाखवावयाची शिल्लक यांची बेरीज किती, आणि विद्यावेतन मिळाले नाही तरी ती झेपेल काय? 

६. मागील वर्षी कोण गेले होते? त्या मुलास प्रत्यक्ष भेटावे. त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

सावड फेडावयाची कशी?

आता शेवटचा व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आमच्या मुलाच्या महाविद्यालयात यंदा त्या दोनपैकी एकच जागा उरली आहे. कारण विचारता असे कळले की, इकडून मुले जाऊ लागली, परंतु तिकडून कोणी आले नाही. म्हणून परदेशी विद्यापीठाने हात आखडता घेतला. आम्ही बैल नेला, पण फेडला नाही. अशी सावड किती दिवस चालणार?

तिकडच्या विद्यार्थ्याने येथे यावे असे आपल्यापाशी काही नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामावर हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या शाळेने २०१० साली अभ्यासपाठ तयार केला. भरलेले मालट्रक आगगाडीवर चढवून नेण्याची कोकण रेल्वेची सेवा १९९९ साली सुरू झाली. लासलगावचा कांदाबाजार, न्हावाशेव्याचे बंदर आणि हजारो लहान बागांतून माल गोळा करून एकाच प्रतीचा कंटेनर भरणारी आपली पॅकहाउसे, हे सर्व मोठमोठ्या शेतांच्या देशांतील मुलांस पुस्तकात सापडणारे नाही. आपल्या संघाने जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांस असे कळवावे की, परदेशी विद्यार्थी आल्यास हंगामात आठ दिवस त्यांची राहण्या-जेवण्याची सोय आम्ही करू व काढणीपासून कंटेनरपर्यंत सर्व काम दाखवू. तसेच अदलाबदलीच्या सूचना मराठीतही लावाव्या, अशी विनंती करावी. या दोन्ही गोष्टींस फारसा पैसा लागत नाही.

बंधूंच्या बागेचा उतारा मी परवाच पाहिला. इतर हक्कांचा रकाना कोरा आहे. पुतण्या येत्या हंगामात गावातील आणखी सहा बागांत ती यंत्रे ठेवणार आहे. त्यांतून जे निष्पन्न होईल, ते याच मासिकातून कळवीन.